चांगला हेतू पुरेसा आहे का?



दोन-तीन आठवड्यांची रजा काढून आफ्रिकेतील एखाद्या मिशन इस्पितळात रुग्णसेवा करावी, अशी ओढ आपल्यातील काही डॉक्टरांना, परिचारिकांना आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना वाटते. ही ओढ प्रभूचीच देणगी आहे. तयारी म्हटली की पासपोर्ट, व्हिसा, पिवळ्या तापाची लस, औषधांची खोकी अशी यादी आपण करतो. त्या यादीत एक प्रश्नही असावा: चांगला हेतू पुरेसा आहे का?

१९७६ साली झैरे देशात, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, यांबुकू या गावी १२० खाटांचे कॅथलिक मिशन इस्पितळ होते. बेल्जियमहून आलेल्या व्रतस्थ भगिनी तेथे गरिबांची सेवा करीत. रोज सकाळी अवघ्या ५ सिरिंज व सुया वापरायला काढल्या जात. एकाला टोचले की कधी कधी नुसती कोमट पाण्यात विसळून तीच सुई दुसऱ्याला टोचली जाई. त्या वर्षी तेथे एक अनोळखी ताप आला. पुढे त्याला इबोला हे नाव मिळाले. ३१८ जणांना लागण झाली, २८० दगावले. अनेकांना तो त्या सुयांतूनच मिळाला होता. इस्पितळातील १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ मृत्युमुखी पडले, त्यांत भगिनीही होत्या. इस्पितळ बंद झाले आणि साथ ओसरू लागली.

त्या भगिनींना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या विषाणूची ओळख तेव्हा जगालाच नव्हती. मात्र सुई उकळल्याशिवाय दुसऱ्याला टोचू नये, हे ज्ञान जुनेच होते. प्रेम होते, त्याग होता, तरीही अपाय झाला. म्हणूनच संत थॉमस अक्वायनस विवेकाला मोठे स्थान देतात. त्यांच्या मते विवेक म्हणजे कृतीविषयीचा योग्य विचार. तो नसेल तर इतर सद्गुणांनाही वाट सापडत नाही.

कोणी म्हणेल, "जिथे डॉक्टरच नाही, तिथे थोडेफार जाणणारा गेला तर काय बिघडले?" समोर जीव जात असेल तर हे खरे आहे. पण महिनोन् महिने आधी ठरवून, तिकीट काढून जाणाऱ्याला ही सबब चालणार नाही. जे करण्याची परवानगी आपल्याला इथल्या रुग्णावर नाही, ते तिथल्या रुग्णावर करणे म्हणजे त्याचा देह स्वस्त मानणे होय. इथला रुग्ण आपल्याला जाब विचारतो. तिथला आपली भाषाही जाणत नाही, आणि आपण परतल्यावर तो कोणाला विचारणार? म्हणून हा केवळ दयेचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

दयाळू शोमरोन्याकडे पाहू या. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेले, पुढच्या देखभालीचे पैसे दिले आणि परत येण्याचा शब्द दिला. आपण गेल्यावर या माणसाचे काय होईल, याचा विचार त्याने आधीच केला होता.

आपणही निघण्यापूर्वी विचारू या: तेथील इस्पितळाने आपल्याला बोलावले आहे का, आणि कशासाठी? त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेची परवानगी आहे का? नेत असलेली औषधे त्यांनी मागितली आहेत का, त्यांची मुदत किती उरली आहे? आपण घातलेले टाके कोण काढणार?

उत्तरे समाधानकारक असतील तर आनंदाने जावे. नसतील तर तिकिटाचे पैसे तेथील एखाद्या परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवावेत. तीही सेवाच आहे, आणि ती आपण परतल्यावर थांबत नाही.