शपथ आणि सराव

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मधील सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो, तेव्हा तो ढोंग करीत नसतो. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची शोकात्मता शपथ खोटी असण्यात नाही. खरी शपथही अपुरी पडते, यात ती आहे. ज्या कृतीचा माणसाने मनोमन त्याग केला, तीच पुन्हा त्याच्या हातून घडली, तर दोष कोणाचा आणि किती?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील अर्जुनाची शंका याच जातीची आहे. अ‍ॅरिस्टॉटलने असंयमाचे दोन प्रकार मानले. दुर्बल मनुष्य विचार करतो, पण त्यावर टिकत नाही. आवेगी मनुष्य विचारापूर्वीच कृती करून बसतो. आवेगाची चाहूल आधीच लागली तर तो परतवता येतो, हेही त्याने नोंदवले. संयम हा केवळ जन्मजात गुण नसून काही अंशी पूर्वतयारी आहे, असे यातून सूचित होते.

या पूर्वतयारीला व्यसनोपचाराने पद्धतीचे रूप दिले. पतीच्या व्यसनाने झालेल्या मृत्यूनंतर शांती रंगनाथन यांनी १९८० साली तेव्हाच्या मद्रासमध्ये, आजच्या चेन्नईत, टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनची स्थापना केली. तेथील निवासी उपचारात शरीर नशेतून मुक्त करणे ही केवळ पहिली पायरी असते. पुढे समुपदेशन, गटचर्चा आणि कुटुंबीयांचा सहभाग येतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेले ‘मुक्तांगण’ही याच वाटेचे. अमेरिकेत अ‍ॅलन मार्लाट यांनी ओढीकडे चढून ओसरणारी लाट म्हणून पाहण्यास शिकवले. मार्शा लिनेहान यांनी १९९३ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या उपचारात सजगता, क्लेश सोसणे, भावनांचे नियमन आणि परस्परसंबंध सांभाळणे ही कौशल्ये शिकवली जातात. तो उपचार पुढे व्यसनाधीनांसाठीही वापरला गेला. या साऱ्यांचा रोख आवेग आणि कृती यांमधले अंतर वाढवण्याकडे आहे.

यावर आक्षेप असा, की संयम कौशल्य ठरला तर अपराधाचे रूपांतर निव्वळ अकौशल्यात होईल. पण तसे घडत नाही. जबाबदारी नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. प्याला हाती आल्यावरच्या क्षणापेक्षा त्याआधीच्या अनेक क्षणांना ती लागू होते: कोणत्या रस्त्याने जायचे, कोणाची संगत टाळायची, राग आल्यावर कोणाला हाक मारायची. आवेगासमोर हतबल असलेला मनुष्यही सरावाबाबत हतबल नसतो. मात्र त्याचा सराव ही पत्नीच्या क्षमेची किंमत नव्हे. ज्या घराने मार आणि उपासमार सोसली, त्याचा विश्वास हक्काने मागता येत नाही. तो देणे न देणे हे त्या घराचेच स्वातंत्र्य आहे.

निवासी उपचारालाही एक मर्यादा आहे. चार भिंतींआड मोहच नसतो; तेथे कमावलेल्या संयमाची परीक्षा दाराबाहेर होते. तमिळनाडूत २००३ पासून दारूची किरकोळ विक्री शासकीय महामंडळामार्फत होते. म्हणजे उपचार घेऊन परतणाऱ्या माणसासमोर उभे असलेले दुकान राज्याचेच असते. व्यक्तीला आवेग आवरण्याचे शिक्षण द्यायचे आणि त्याच आवेगातून महसूल मिळवायचा, ही समाजाची दुटप्पी भूमिका आहे. व्यक्तीची जबाबदारी तिने संपत नाही. पण केवळ व्यक्तीला दोष देण्याचा समाजाचा अधिकार मात्र तिने दुबळा होतो.

शपथ एका क्षणात घेता येते. सरावाला दिवस लागतात आणि सोबतही लागते. सुधाकराच्या शपथेला ही सोबत लाभली नाही. म्हणून त्याचे पतन पाहताना त्याने काय करायला हवे होते, एवढाच प्रश्न पुरेसा ठरत नाही. शपथेनंतरच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ कोण होते, हेही विचारावे लागते.