कुंडीला पाणी कोणी घालायचं?

८१व्या वर्षी माझ्या आत्याला सुनेनं स्वयंपाकघरातून निवृत्त केलं. "आई, आयुष्यभर राबलात, आता बसा निवांत." चहा हातात येऊ लागला, गोळ्या वेळच्या वेळी, खोलीत वेगळा टीव्ही. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी आत्या मिटत चालली. एकदा खोदून विचारलं, तर म्हणाली, "चहात साखर किती, एवढंसुद्धा मला कोणी विचारत नाही रे."

म्हातारपणी माणूस समाधानी कशानं राहतो, या प्रश्नाचं जुनं उत्तर सुनेच्याच बाजूचं वाटतं. आपल्याकडे वानप्रस्थ सांगितला. १९६१ साली एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या माणसांचा अभ्यास करून जवळपास तेच मांडलं: वृद्ध माणूस समाजातून अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळं करतो, आणि हे दोघांच्याही सोयीचं असतं. मांडणीवर बरीच टीका झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच कॅन्सस सिटीच्या अभ्यासातून बर्निस न्यूगार्टन, रॉबर्ट हॅविगहर्स्ट आणि शेल्डन टोबिन यांनी समाधान मोजायची २० विधानांची प्रश्नावली काढली. तोवर म्हाताऱ्याची धावपळ मोजून त्याच्या सुखाचा अंदाज बांधायची रीत होती. यांनी त्यालाच विचारलं, तुला स्वतःला तुझं आयुष्य कसं वाटतं? पुढे दिसलं ते असं, की खुर्चीत बसून राहणारेही काही जण खुशाल होते आणि सतत कामात असणारेही काही कुरकुरे.

मग फरक कशानं पडतो? १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात दोन मजले निवडले. दोन्हीकडे प्रत्येकासाठी एकेक रोप होतं. दोन्हीकडे एक सिनेमा दाखवायचा होता. पण एका मजल्यावर सांगितलं, रोप हवं असेल तर घ्या, तुम्ही निवडा, तुम्हीच सांभाळा; सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, तेही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर पाणी परिचारिका घालणार, वारही ठरलेला. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत दिसली. दीड वर्षानंतर तिथे मृत्यूही कमी झाल्याचं छापून आलं. पुढे त्या गणितात दुरुस्ती करावी लागली आणि तो फरक वाटला होता तितका पक्का राहिला नाही. तेव्हा एका रोपानं आयुष्य वाढतं असं कोणी सांगू लागलं, तर मी तरी मान डोलावणार नाही. पण गुरुवार की शुक्रवार, हा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही.

वानप्रस्थाकडे पुन्हा पाहिलं, तर आपण तो उलटा वाचत आलो असं वाटतं. केस पिकलेले, नातवंड झालेलं बघून गृहस्थानं स्वतः उठायचं, असं मनुस्मृतीत आहे. वानप्रस्थ माणूस घेतो. घरच्यांनी त्याला द्यायचा नसतो. आपणहून सोडणं कसं असतं, ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांच्याकडे दिसतं. म्हातारपणी ते मोजक्याच रचना वाजवत, त्यांचाच रियाज जास्त करत, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम लय उतरवत, म्हणजे पुढचा वेग अधिक भासावा. पॉल बाल्टेस हे मानसशास्त्रज्ञ त्यांचा दाखला नेहमी देत. रुबिनस्टाइननी बरंच सोडलं, पण काय सोडायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं.

अर्थात ठरवायलाही पदरात काहीतरी लागतं. ६० ते ७९ वयाच्या गरीब वृद्धाला केंद्राच्या पेन्शनमधून महिन्याला मिळणाऱ्या २०० रुपयांत कसली निवड करणार? त्या मानानं २०२२पासून ७५ पार केलेल्यांना एसटीत तिकीट नाही, हे मला शंभर भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं. कुठे जायचं, हे त्यामुळे मुलाच्या पाकिटावर ठरत नाही.

सुनेशी मी बोललो. ती समजूतदार आहे, तिला राग आला नाही. आता सकाळचा पहिला चहा आत्या करते. गॅस बंद करायला एकदा विसरली, त्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, आणि चहा तिच्याकडेच राहिला. साखर जरा जास्तच पडते.