यमाची लाच

दोन महायुद्धांच्या मधल्या लंडनमधल्या चैनी तरुणांवर स्टीफन फ्रायने २००३ मध्ये ‘ब्राइट यंग थिंग्ज’ हा चित्रपट काढला. आधार ईव्हलिन वॉच्या १९३० सालच्या ‘व्हाइल बॉडीज’ या कादंबरीचा. रोज नवी मेजवानी, सोंगे घेऊन जलसे, शॅम्पेन, आणि सकाळी वर्तमानपत्रात आपल्याच भानगडी वाचायच्या. हॉटेलचे बिल थकले म्हणून नायक ॲडम आपली वाग्दत्त वधूच दुसऱ्याच्या हवाली करतो. हे पाहून आपल्याकडचा भाविक चटकन निकाल देईल : भोगाचा शेवट असाच व्हायचा. मला हा निकाल उथळ वाटतो. दोष भोगात नसून तो कशाच्या बदल्यात घेतला, यात आहे. कठोपनिषदातला यम मरणाचे रहस्य विचारणाऱ्या नचिकेत्यापुढे हत्ती-घोडे, रथ, अप्सरा, दीर्घायुष्य सगळे मांडतो. अट एकच, मरणाविषयी विचारू नकोस. म्हणजे ती लाच आहे. नचिकेता ती नाकारतो, लंडनच्या या पोरांनी ती घेतली. ब्रिटनचे सुमारे सात लाख सैनिक पहिल्या महायुद्धात पडले होते. वॉचा जन्म १९०३ चा. थोरला भाऊ ॲलेक आघाडीवर लढला, हा शाळेत राहिला. या पिढीला रणांगण दिसले नाही, पण थोरल्या भावांची रिकामी जागा घरोघरी होती. त्या जागेकडे बघायचे नाही, एवढ्यासाठी इतका गोंगाट.

मग मरणाकडे पाहणारा माणूस नाचत-पीत नाही का? याचे उत्तर उपनिषदापेक्षा अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात स्पष्ट मिळते. सिपना नदीकाठचे सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातले गाव कोरकू आदिवासींच्या मुलखातले. कोरकूंमध्ये मृताचा शेवटचा विधी म्हणजे सिडोली. ऐपत येईपर्यंत तो वर्षानुवर्षे थांबतो, कधी अनेक मृतांचा एकत्र होतो. सागाच्या लाकडावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरून ‘मुंडा’ उभा करतात, तेव्हा कुठे मेलेला माणूस पूर्वजांत जातो. आणि या विधीला जेवण आहे, मोहाची दारू आहे, ढोल आणि नाच आहे. इथला आनंद मेलेल्याला बाहेर ठेवून होत नाही, त्याच्याच नावाने होतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे आदिवासींचे शहरी कौतुक झाले. मेळघाट बालमृत्यूंसाठी आणि कुपोषणासाठी ओळखला जातो, दारूने घरे बसतात. खरे आहे. सिडोलीने पोराच्या ताटात भाकर पडत नाही, आणि कोरकू सुखी आहेत असे माझे म्हणणेही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा, कारण तो याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांचा आहे : कर्ज काढून सण-लग्ने करू नका, देवापुढे बकरे कापू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा. लंडनमध्ये रोज शॅम्पेन उडत होती त्याच काळात हा माणूस दिवसा गाव झाडत होता आणि रात्री कीर्तन करत होता. सिडोलीच्या खर्चावर त्यांनी नक्की बोट ठेवले असते, आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. पण तेच कीर्तन पाहा : हजारोंचा जमाव, टाळ्या, हशा, ‘गोपाला गोपाला’चा गजर. आनंदाशी बाबांचे भांडण नव्हते. ज्याची किंमत बायकापोरांच्या माथी पडते त्या मौजेशी होते. तो दंडक ॲडमच्या हॉटेलबिलाला जसाच्या तसा लागू पडतो.

वैराग्यवादी तरीही म्हणेल की नचिकेत्याने भोग नाकारलाच ना. नाकारला, पण प्रश्न विकत द्यायचा नव्हता म्हणून. प्रश्न न विकता भोगही ठेवता येतो : ‘व्हाइल बॉडीज’ आली त्याच वर्षी सप्टेंबरात वॉने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि मरणाचा, पापाचा विचार आयुष्यभर सोडला नाही. वाइनही सोडली नाही. १९४७ मध्ये त्याने तिच्यावर एक छोटे पुस्तकच लिहिले.