चौकातला कट्टा

आमचे चर्च बाजारपेठेच्या मुख्य चौकाला लागून आहे. एका अंगाला एस.टी.चा थांबा, समोर भाजीबाजार, पलीकडे बँक, दवाखाना आणि शाळा. चर्चच्या कंपाउंडची पुढची भिंत जेमतेम गुडघ्याएवढी उंच असून तिच्यावर फरशी बसवलेली आहे. या कट्ट्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या बसत आले. काही वर्षांपूर्वी तेथे सायंकाळी तरुणांची टोळकी जमू लागली. सकाळी पाहावे तो पानाच्या पिचकाऱ्या आणि कागदांचे बोळे. तक्रारी आल्या. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मीच ठराव मांडला आणि आठवडाभरात कट्ट्याच्या संपूर्ण लांबीवर अणकुचीदार लोखंडी सळया बसवून घेतल्या. पिचकाऱ्या थांबल्या, चौक स्वच्छ दिसू लागला. मला समाधान वाटले.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वयोवृद्ध शेतकरी माझ्याजवळ आले. तक्रार करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. ते म्हणाले, "फादर, पोरं उठली ते बरंच झालं. पण माझी केळी विकून झाली की एस.टी. येईपर्यंत मी तिथंच टेकायचो. आता कुठं टेकू?"

मी काहीतरी सबब सांगून वेळ मारून नेली. पण त्यांचा प्रश्न मनातून जाईना. चौक स्वच्छ झाला होता हे खरे. तो जिवंत राहिला होता का? आणि चौक जिवंत ठेवण्यासाठी सुंदर दिसणे पुरेसे असते का?

हा प्रश्न आपल्या लहानशा बाजारपेठेपुरता नाही. जगातील मोठमोठ्या शहरांनी तो स्वतःला विचारला आहे. १९६१ साली न्यूयॉर्क शहराने बांधकामाचा एक नवा नियम केला. जो बांधकाम व्यावसायिक आपल्या उत्तुंग इमारतीपुढे लोकांसाठी मोकळे प्रांगण सोडील, त्याला प्रांगणाच्या प्रत्येक चौरस फुटामागे दहा चौरस फुटांचे जादा बांधकाम करता येईल, असा तो नियम. व्यावसायिकांनी संगमरवरी प्रांगणे सोडली आणि जादा मजले चढवले. परंतु यांतील अनेक प्रांगणांत चिटपाखरूही फिरकेना. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने कॅमेरे लावून या जागांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९८० साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. लोक कोठे बसतात, याचे त्यांना सापडलेले उत्तर बालकालाही सुचावे इतके साधे होते: जेथे बसायला जागा असते तेथे! लोक सांगताना म्हणतात की आम्हांला गर्दीपासून दूर निवांतपणा हवा. प्रत्यक्षात मात्र जेथे इतर माणसे असतात तेथेच जाऊन बसतात. माणसाला माणसाचीच ओढ असते. कठड्यांवर कोणी बसू नये म्हणून काही इमारतींच्या मालकांनी बसवलेले लोखंडी काटेही व्हाइट यांनी टिपून ठेवले होते. ते वाचताना मी मान खाली घातली. अवांच्छित लोकांना हाकलण्यासाठी जागा गैरसोयीची केली, की सज्जन तेवढे निघून जातात आणि जागा अधिकच भयाण होते. अवांच्छितांवरचा उत्तम उपाय म्हणजे ती जागा इतर सर्वांसाठी हवीशी करणे, हे त्यांचे मत अनुभवातून आलेले होते. एके काळी अमली पदार्थांच्या व्यवहारासाठी कुप्रसिद्ध असलेले न्यूयॉर्कमधील ब्रायंट पार्क नूतनीकरणानंतर १९९२ साली पुन्हा खुले झाले. तेथे कोणीही उचलून हव्या त्या जागी न्याव्यात अशा साध्या खुर्च्या ठेवण्यात आल्या. खुर्च्या चोरीला जातील, ही भीती अनाठायी ठरली. लोकांवर विश्वास टाकला आणि लोक आले.

याच शहरातील हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली शहरांच्या जीवनमरणाविषयी एक ग्रंथ लिहिला. कोणत्याही पदवीपेक्षा आपल्या खिडकीतून दिसणारी गल्ली त्यांना अधिक शिकवून गेली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे शेजारी आपल्या घराच्या किल्ल्या निर्धास्तपणे ठेवून जात. कोणी नियुक्त केलेले नसतानाही दुकानदार, गृहिणी, येणारे-जाणारे हे सारे रस्त्यावर लक्ष ठेवीत आणि त्यामुळे रस्ता सुरक्षित राही. शहरात चैतन्य नांदण्यासाठी त्यांनी चार गोष्टी आवश्यक मानल्या: एकाच भागात घरे, कचेऱ्या, दुकाने, करमणुकीची ठिकाणे अशी सरमिसळ, लहान लहान गल्ल्या, नव्या इमारतींच्या जोडीला कमी भाड्याच्या जुन्या इमारती, आणि माणसांची पुरेशी दाट वस्ती. यांतील एकही गोष्ट श्रीमंतीची नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या परिचयाचा मुंबईचा फोर्ट विभाग या कसोटीवर लावून पाहावा. १८६० च्या दशकात जुन्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि बंदिस्त शहर मोकळे झाले. १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले. भोवताली न्यायालय, विद्यापीठ, बँका, ग्रंथालये, इराण्यांची हॉटेले आली. दादाभाई नौरोजी मार्गावरील इमारतींच्या कमानींखालून पादचारी ऊनपाऊस चुकवीत चालू लागला. पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग लागले. वकील, हमाल, विद्यार्थी आणि कारकून एकाच टपरीवर चहा पिऊ लागले. आमच्या पिढीतील कित्येकांनी महागडे ग्रंथ हातात घेण्याचे धाडस प्रथम त्या पदपथावर केले. तेथे विकत घेतल्यावाचून उभ्याने दोन पाने वाचली तरी कोणी हटकत नसे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी लोक जमले ते याच चौकात. तेथे गोळीबार झाला, रक्त सांडले आणि आज तो हुतात्मा चौक म्हणून ओळखला जातो. चौक नसता तर लोक जमले असते कोठे? विखुरलेल्या माणसांचा समाज होतो तो अशा जागी.

पण कचेऱ्या सुटल्या की हाच भाग ओस पडतो. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटविषयी जेकब्स यांनी हेच निरीक्षण नोंदवले होते: दिवसा लाखो माणसे, पण राहणारे मूठभर, म्हणून संध्याकाळी स्मशानशांतता. जेथे माणसे केवळ कामापुरती येतात तेथे गजबज असते, जीवन नसते. रविवारी मात्र फोर्टच्या रिकाम्या गल्ल्यांत मुले क्रिकेट खेळताना दिसतात आणि त्या जुन्या भिंतींना घटकाभर घरपण येते.

येथे कोणी म्हणेल, "फादर, तुम्हांला गर्दीचे कौतुक सुचते, आम्ही रोज लोकल गाडीत चेंगरतो!" हा आक्षेप रास्त आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन निरपराध माणसे प्राणांस मुकली. गर्दी म्हणजे चैतन्य नव्हे. पदपथ भरल्यामुळे एखाद्या वृद्धेला वाहनांच्या रस्त्यावरून चालावे लागत असेल, तर त्या पदपथाचे गुणगान करणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु या अडचणीवर सर्व फेरीवाल्यांना हुसकावणे हे उत्तर नव्हे. मुंबईतील पदपथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी संसदेने कायदा केला. विक्रेत्यांची गणना करावी, त्यांच्यासाठी जागा आखाव्यात आणि हे ठरवणाऱ्या समितीत त्यांचेही प्रतिनिधी असावेत, असे तो सांगतो. म्हणजे चालणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हक्क एकमेकांचे वैरी नाहीत. दोघांना सामावून घेणारी शिस्त लावणे कष्टाचे असते. हाकलणे सोपे असते, म्हणून आपण ते पत्करतो.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. चौक आकर्षक झाला की त्याची किंमत वाढते, भाडी वाढतात आणि ज्यांच्यामुळे तो आकर्षक झाला त्यांनाच तेथे राहणे परवडेनासे होते. जेकब्स यांनी हाही इशारा दिला होता. मग कारंजे राहते, दिवे राहतात. केळीवाला आणि चांभार राहत नाहीत. गारेगार मॉलमध्ये गर्दी दिसते, परंतु तेथील आदरातिथ्य आपल्या खिशाला असते, आपल्याला नसते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तीन अभ्यासिकांनी मुंबईतील स्त्रियांविषयी २०११ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सार्वजनिक जागी थांबलेल्या स्त्रीला आपण येथे कशासाठी आहोत हे सतत दाखवावे लागते: हातात पिशवी हवी, कानाला फोन हवा. पुरुष नाक्यावर तासन्‌तास उभा राहू शकतो, स्त्री मात्र निष्कारण रेंगाळू शकत नाही. आणि हा रेंगाळण्याचा हक्क मिळाल्याखेरीज शहर तिचे होणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्या मुलींविषयी आपण हे मान्य करू का, हा प्रश्न प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावा.

मला वाटते, चौकाच्या जिवंतपणाची खरी कसोटी येथेच आहे. ज्याच्या हातात पैसा नाही, ज्याला तूर्त काही काम नाही, असा मनुष्य तेथे मानाने बसू शकतो का? बसू शकत असेल तर इतरही येतील, थांबतील, बोलतील आणि चौक आपोआप रमणीय होईल. चैतन्य विकत आणता येत नाही. ते आतिथ्याच्या पाठोपाठ येते.

पवित्र शास्त्रातील जखऱ्या संदेष्ट्याने उद्ध्वस्त यरुशलेमच्या पुनरुद्धाराचे जे चित्र रंगवले आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचावे. राजवाडे आणि मनोरे यांचे वर्णन तो तेथे करीत नाही. हातात काठी घेतलेले म्हातारे-म्हाताऱ्या रस्त्यांच्या कडेला बसले आहेत आणि मुलामुलींच्या खेळण्याने चौक भरून गेले आहेत, एवढेच तो दाखवतो. शहर सावरले याची त्याच्या लेखी हीच खूण! प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळता मावळता बाजारात जातो, तेव्हा तेथे काही माणसे रिकामी उभी असतात. तो त्यांना हटकून घालवीत नाही. का उभे आहात, असे विचारतो आणि त्यांना कोणी कामावर घेतले नाही, हे त्याला कळते. त्या बाजारात सळया ठोकलेल्या असत्या, तर त्या माणसांची आणि धन्याची गाठच पडली नसती.

मी सळया काढवून घेतल्या. हे काही मोठे पुण्यकर्म नव्हे. स्वतःची चूक दुरुस्त केली इतकेच. कट्ट्याजवळ कचऱ्याची पेटी ठेवली, एक दिवा लावला आणि कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा नळ घेतला. पाण्यामुळे शाळेतून परतणाऱ्या मुली थांबू लागल्या, त्यांच्या मागून त्यांच्या आया आल्या. तरुणही परत आले. पिचकाऱ्या पूर्ण थांबलेल्या नाहीत. महिन्यातून एकदा त्या तरुणांतलेच काही जण फरशी धुतात, तर काही जण नुसते पाहत उभे राहतात. तक्रारीही अधूनमधून येतात. त्या मी ऐकून घेतो.

केळीवाले बाबा मात्र पुन्हा त्या कट्ट्यावर बसले नाहीत. मधल्या काळात त्यांचे गुडघे गेले आणि बाजारात येणे बंद झाले. कम्युनियन घेऊन घरी गेलो असता त्यांना कट्ट्याची हकिकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "बरं केलंत फादर. कोणीतरी टेकेलच."

सळया बसवायला मला एक आठवडा लागला होता. काढायला दोन वर्षे लागली. आपल्या घरासमोर, दुकानासमोर, सोसायटीच्या फाटकाशी असे कोणते खिळे आपण ठोकून ठेवले आहेत, हे वाचकांनी एकदा बाहेर येऊन पाहावे.