आणखी एक वर्ष

शास्त्रभाग : लूक 13:6-9



काही वर्षांपूर्वी दार्जिलिंगकडे जाऊन आलेल्या एका स्नेह्यांनी आम्हांला ऑर्किडचे रोप आणून दिले. सह्याद्रीत या कुळातील झाडांना आमरी म्हणतात. आमचे रोप हिमालयातले, डेंड्रोबियम नोबिले जातीचे. आमच्या इंदूरच्या काळ्या मातीत काहीही रुजते, या भरवशावर आम्ही ते मातीत घट्ट लावले आणि दोन्ही वेळा पाणी घालू लागलो. महिन्याभरात त्याची मुळे कुजू लागली.

मग चौकशी केली तेव्हा कळले, की ही आमरी रानात मोठ्या झाडांच्या सालीवर वाढते. मात्र त्यांचा रस ती शोषून घेत नाही. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. त्यातून ती पावसाचे पाणी टिपते, आणि तिच्या मुळांना मोकळी हवा लागते. आम्ही माती काढून टाकली. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचे सोडण यांत रोप बसवले. मुळे पुन्हा पांढरी दिसू लागली, की मगच सकाळी पाणी द्यायचे. उन्हाळ्यात माळव्याची लू वाहू लागली, तेव्हा कुंडी सावलीत घेऊन शेजारी ओले गोणपाट टांगले. रोप सावरले.

पण डिसेंबरात पाने पिवळी पडून गळाली. कांड्या सुरकुतल्या. रोप मेले, असे ठरवून आम्ही कुंडी कचऱ्याशेजारी ठेवून दिली. शेजारच्या निवृत्त परिचारिका बाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्यांनी ती उचलली. नखाने कांडीची साल किंचित खरवडून त्या म्हणाल्या, "मास्तर, आत हिरवं आहे. हे मेलं नाही, विसाव्याला गेलंय."

सिस्टरांनी समजावले, की या जातीला हिवाळ्यात थंड रात्री, भरपूर उजेड आणि अगदी थोडे पाणी हवे असते. त्यातूनच फुलांचे डोळे तयार होतात. या दिवसांत दया येऊन कोणी पाणी व खत घालत राहिले, तर पेरांवर फुलांऐवजी नुसती पिल्ले फुटतात. मार्चमध्ये त्याच उघड्या कांड्यांवर पांढरी-जांभळी फुले आली. ती पाहताना आम्हांला आनंद झाला, आणि लाजही वाटली.

लाजेचे कारण निराळे होते. त्याच डिसेंबरात, नाताळच्या बक्षिसांची यादी करताना, आम्ही रविवारच्या शाळेच्या हजेरीपटावरून एका मुलाचे नाव खोडले होते. चार महिने तो आला नव्हता. त्याच्या घरी मात्र आम्ही एकदाही गेलो नव्हतो. रोपाची साल तरी सिस्टरांनी खरवडून पाहिली. त्या मुलाची विचारपूससुद्धा कोणी केली नाही.

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात मालक तीन वर्षे अंजिराकडे फळ पाहायला येतो आणि शेवटी ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. पण तो नुसती वाट पाहणार नाही. भोवती खणीन, खत घालीन, असे म्हणतो. धीर आणि कष्ट त्याच्या बोलण्यात एकत्र आहेत. तोडण्याचा अधिकार मालकाचा आहे, हे तो नाकारत नाही. आपले काम राखण्याचे, एवढे तो जाणतो. आम्ही माळी असून मालकाचा निकाल देऊन बसलो होतो.

ज्या विल्यम केरीने 1805 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तोही झाडांचा मोठा वेडा होता. 1820 साली त्याने कलकत्त्यास शेती व बागाईतीसाठी संस्था स्थापली. तो 1793 च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये आला. श्रीरामपूरला कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला तो 28 डिसेंबर 1800 रोजी. मधली सात वर्षे फळ दिसले नाही. बीजापासून वाढवलेल्या आमरीलाही पहिले फूल यायला पुष्कळदा इतकीच वर्षे लागतात.

त्या मार्चमध्ये आम्ही मुलाच्या घरी गेलो. वडील आजारी असल्याने रविवारी सकाळी तो त्यांची चहाची गाडी लावत होता. रात्री धाकट्या बहिणीला मात्र तो आपल्या शाळेतली पाठ वचने शिकवत असे. तिने ती आम्हांला म्हणून दाखवली. तो अजूनही दर रविवारी येत नाही. आम्ही महिन्यातून दोनदा संध्याकाळी त्याच्याकडे जातो. नाव पुन्हा पटावर लिहिले आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना एकाच मापाने पाणी घालू नका. कोणाला रोजची आठवण हवी असते, कोणाला थोडी मोकळी हवा. या आठवड्यात आपला हजेरीपट उघडा, खोडलेले एक नाव शोधा आणि त्या घरी जा. अंजिराचे पुढे काय झाले, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते वर्ष अजून आपल्या हाती आहे. त्या वर्षासाठी खणण्याचे बळ देवबाप आपणां सर्वांस देवो. आमेन.