प्रयोगाचे ताट

चाळिशी नाकावर चढली की माणसाचे लक्ष हळूहळू पोटाकडे वळते. निदान माझे तरी वळले. गेल्या वर्षी पावसाळ्यात शाळेचा जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले, तर साखर मर्यादेच्या काठावर येऊन उभी! डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आता जिभेला शिस्त लावा." मुलांना शिस्त लावण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला याहून मोठे आव्हान कोणते?

मग प्रयोग सुरू झाले. पहिला महिना दोनच वेळा जेवण, मधे चहासुद्धा नाही. दुसऱ्या महिन्यात गहू-तांदूळ वर्ज्य. तिसऱ्या महिन्यात मोड आलेले मूग, काकडी, भिजवलेले शेंगदाणे. चुलीवरचे काही नको. नवा वजनकाटा आणला, भिंतीवर तक्ता टांगला. पाच किलो उतरले. शिक्षकांच्या खोलीत मी आहारशास्त्रावर व्याख्याने देऊ लागलो.

कोणी हसले की मी गांधीजींचा दाखला देई. १८९३ साली प्रिटोरियात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनीही न शिजवलेल्या अन्नावर राहून पाहिले होते. पंधरवड्याच्या आतच तो प्रयोग त्यांना सोडावा लागला, आणि आपल्या अपयशाची हकीगत त्यांनी १८९४ साली लंडनच्या ‘दि व्हेजिटेरियन’ या पत्रात छापवली. यातला प्रयोग मला आठवे. अपयशाचा भाग मी सोयीने विसरत असे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चकल्या पाडता पाडता, हातात सोऱ्या तसाच धरून, पत्नी भोवळ येऊन खाली बसली. रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठ! बायकांचे ते बारा तरी असावे लागते. डॉक्टरांनी विचारले, "वहिनी, तुम्ही काय जेवता?" ती माझ्याकडे पाहू लागली. मलाही उत्तर ठाऊक नव्हते.

घरी येऊन मी हिशेब मांडला. माझे मूग वेगळे, मुलांची पोळी-भाजी वेगळी, आईचा मऊ भात वेगळा. एवढे सारे उरकून, सगळ्यांच्या मागून, कालचे जे उरले असेल ते ही खाई. माझा उतरलेला प्रत्येक छटाक भिंतीवर लिहिलेला होता. त्या तक्त्यात तिच्यासाठी साधा रकानाही नव्हता.

त्या रात्री मी ‘सत्याचे प्रयोग’ पुन्हा उघडले. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी होत्या. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह धरला. त्या म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हालाही सोडवणार नाही. गांधीजींनी तत्क्षणी दोन्ही पदार्थ वर्षभरासाठी सोडले. बाई रडल्या, व्रत मागे घ्या म्हणून विनवू लागल्या. पण ते मागे फिरले नाहीत. पूर्वी हा प्रसंग वाचताना मला त्यांच्या निग्रहाचे कौतुक वाटे. या वेळी कस्तुरबांचे बोलणे कानात राहिले. दुसऱ्याच्या ताटाचा नियम आधी आपल्या ताटात उतरला पाहिजे, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

कोणी म्हणेल, स्वतःची प्रकृती सांभाळणे हा स्वार्थ कसा? मास्तर अंथरुणाला खिळले तर भार कोणावर पडेल? आक्षेप खरा आहे. म्हणूनच पथ्य मी सोडलेले नाही. परंतु शरीर माझे असले तरी त्याची सेवा कोण करतो, हा प्रश्न उरतोच. ज्या संयमासाठी घरात दुसऱ्या कोणाला जागावे लागते, जादा भांडे घासावे लागते, उरलेसुरले खावे लागते, त्याला संयम म्हणताना माझी जीभ आता अडखळते. तो पुष्कळदा थाटच असतो. फक्त पक्वान्नांऐवजी मुगांचा!

गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले. पुढे मोठ्या आजारात, १९१९ च्या आरंभी, कस्तुरबांनीच सुचवल्यावरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. व्रताची अक्षरे राहिली, आत्मा गेला, ही खंत त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. ‘प्रयोग’ हा शब्द वापरणाऱ्याने हारही लिहून ठेवावी लागते.

या वर्षी माझे मूग मीच भिजवतो आणि माझे भांडे मीच घासतो. कधी विसरतो, तेव्हा मुलगी आठवण देते. रात्री आम्ही सारे एकत्र बसतो. पहिले काही दिवस हिला ते अवघड वाटले. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तक्त्यात दुसरा रकाना आखला आहे. त्यातला शेवटचा आकडा साडेदहाचा आहे.

परवा हिने पहिल्या घाण्यातली एक चकली माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "अहो, ही काही तक्त्यात लिहू नका."

मी ती खाल्ली. आणि लिहिलीही.