फुटलेल्या कांचेमागील उजेड

एखादी वस्तु निकामी झाली असें केव्हां म्हणावें? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु त्यांत न्यायाचा भाग आहे.

मोबाईल फोन पडून त्याचा पडदा फुटला, कीं आपण तो टाकून देतों. पण पुष्कळ फोनांचा पडदा स्वतः प्रकाशत नाहीं. तो उजेड केवळ अडवितो किंवा जाऊं देतो. उजेड मागून येतो. तेथें एका कडेस बारीक पांढऱ्या एलईडी दिव्यांची ओळ असते. त्यांचा प्रकाश पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांत शिरतो व त्यावरील सूक्ष्म ठिपक्यांच्या योगें सर्वत्र सारखा पसरतो. ओएलईडी जातीच्या फोनांत हा भाग नसतो. इतरांत कांच फुटली तरी मागील दिवे बहुधा शाबूत राहतात.

ते जपून सोडवून, दर दिव्यास सुमारें ३ व्होल्ट ह्या हिशेबानें, प्रवाह आवरणारा रोधक लावून वीज दिली, तर सौम्य उजेड मिळतो. त्यावर कागद ठेवून भरतकामाची नक्षी सहज उतरवितां येते. फुगलेली बॅटरी मात्र कोणीं उचकूं नये. ती पेट घेते.

ह्यावर कोणी म्हणेल, "नवा दिवा थोडक्या पैशांत मिळतो, मग ही खटपट कशास?" आक्षेप खोटा नव्हे. मजुरी धरली तर नवा दिवाच स्वस्त पडेल. परंतु स्वस्त म्हणजे काय? सन २०२२ मध्यें जगांत ६ कोटी २० लक्ष टन विद्युत् उपकरणांचा कचरा झाला. त्यापैकीं चतुर्थांशाहूनही कमी रीतसर गोळा होऊन पुनः उपयोगांत आल्याची नोंद आहे. दिल्लीच्या सीलमपूर वस्तींत असा कचरा गरीब माणसें हातांनीं फोडीत आलीं आहेत. तांब्यासाठीं जेथें तारा जाळितात, तेथें विषारी धूर त्यांच्याच छातींत जातो. जी किंमत आपण दुकानांत देत नाहीं, ती कोणी दुसरा आपल्या श्वासानें देतो. मग ती वस्तु स्वस्त कशी?

एका पडद्याचा दिवा केल्यानें तो ढीग हलणार नाहीं, हें मी कबूल करितों. तथापि ज्यानें एकदां असा दिवा केला, तो पुढील वस्तु फेंकण्यापूर्वीं क्षणभर थांबेल आणि विचारील, "हिच्यांत कांहीं उरलें आहे काय? आणि ही येथून कोणाच्या दारीं जाईल?" हे दोन प्रश्न विचारणें, हेंच आपलें कर्तव्य होय.